रविवारी रात्री मेस बंद असते

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १२.५०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला. दहावीनंतर डिप्लोमा केला, ८८ टक्के पडले, आणि पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) आलो. प्रवेशाचे कॅप राउंड आटोपून कॉलेजात पोचलो तोवर वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, खोलीत चौघं. पहिल्या सेमचा निकाल लागला, दोन विषय उडाले. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आणि सर्किटचा पेपर. डिप्लोमाला तीन वर्षांत एकही राहिला नव्हता.

घरी सांगितलेलं नाही. "निकाल अजून लागायचाय" म्हणत तीन आठवडे काढले. वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंप भरून न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगतात, पोरगा पुण्यात आहे, आता मोठ्या मशिनी बघतोय.

सध्या झोप यायला साडेतीन होतात, उठायला अकरा. पहिली दोन लेक्चरं रोज जातात, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टला नाव लागलंय. एम-थ्रीचं पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, म्हणून बंद करून रील बघत बसतो.

सगळ्यात वाईट रविवार. दुपारी मेसला फीस्ट असते, रात्री मेस बंद. रूममेट गावी नाहीतर मित्रांकडे. साडेआठला आईचा फोन येतो, "काय करायलास? जेवलास का?" मी म्हणतो, जेवलो. "काय होतं?" वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी. रविवारी रात्री मेस बंद असते हे तिला माहीत नाही. आजही हेच सांगितलं. जेवण म्हणजे बिस्किटाचा पुडा आणि खालच्या टपरीवरचा चहा.

यूट्यूबवर सेल्फ-केअरचे व्हिडिओ बघितले. मेणबत्ती लावा, डायरी लिहा, गरम पाण्याने निवांत अंघोळ करा. आमच्याकडे गरम पाणी सात ते आठ येतं, तेव्हा मी मेल्यासारखा झोपलेला असतो. कोणी नीट टाइमटेबल बसवून देईल का?

---

जुनाखोड | सकाळी ६.०५

टाइमटेबल सोपं आहे. पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, पर्वतीच्या पायऱ्या दोनदा, सातला अभ्यासाला. मोबाईल ट्रंकेत. आमच्या काळी स्ट्रेस हा शब्द फक्त सिव्हिलवाल्यांना माहीत होता, तोही तुळईवरचा.

---

पिठलंभाकरी | सकाळी ९.२०

काका, साडेतीनला झोपणारा पाचला उठला तर पर्वतीवरून खाली कसा येईल तेवढं सांगा.

---

बॅकबेंचर९८ | सकाळी १०.४०

मित्रा, मीपण डीएसवाय, तुझ्यासारखाच डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. डिप्लोमा ८४ टक्के, तिसऱ्या सेमला तीन बॅक, त्यातला एक एम-थ्रीच. आज चाकणला नोकरी करतो आणि तिथे कोणी एम-थ्री विचारत नाही, पण ते सोड.

तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मी सांगतो. 'डिप्लोमाचे मार्क खोटे होते, आपण मुळात ढ आहोत, आता उघडं पडलं.' बरोबर? असं काही नाहीये. बारावीवाल्या पोरांनी एम-वन, एम-टू पहिल्या वर्षात घासलेलं असतं. तू त्या वर्षाला नव्हतासच. एम-थ्रीचे सर फळ्यावर दोन पायऱ्या गाळतात, त्या नेमक्या एम-टूच्या असतात. बाकीचे मान हलवतात आणि तुला वाटतं आपल्यालाच कळेना. त्यात तू एक महिना उशिरा आलास.

उपाय कंटाळवाणा आहे. एम-थ्री पंधरा दिवस बंद ठेव. इंटिग्रेशनचे फॉर्म्युले, पार्शियल फ्रॅक्शन, बाय पार्ट्स, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, एवढंच रोज चाळीस मिनिटं वहीत लिहून. बघून नाही, लिहून. मग एलडीईपासून (लिनिअर डिफरेन्शियल इक्वेशन) सुरू कर, तिथे मार्क लवकर हाताला लागतात. व्हेक्टरला आत्ता हात लावू नकोस. दोन वर्षं पुढचा एखादा डीएसवायवाला गाठ, त्याची वही माग. देतात. मी माझी तीन जणांना दिली, तिसऱ्याने परत केली नाही.

आणि घरी सांग. याचा अभ्यासाशी संबंध नाही असं वाटतं, पण आहे. माझा अर्धा मेंदू कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवण्यात जायचा.

---

लिंबाची_आई | दुपारी १.१५

बाळा, मी सकाळपासून तीनदा वाचलं. माझा मुलगा साताऱ्याहून मुंबईला होता, त्यालाही रविवारी रात्री जेवण नसे. मला कसं कळलं सांगू? चार रविवार ओळीने त्याने बटाट्याची भाजीच सांगितली. खोटं बोलताना पोरांना दुसरी भाजी सुचत नाही.

तुझ्या आईला मेसचं माहीत नसेल असं तुला वाटतं. असेल माहीत, नसेलही. पण आवाजावरून पोट रिकामं आहे हे कळतं. ती विचारत नाही, कारण विचारलं तर तू फोन कमी करशील ही भीती.

आधी खायचं बघ. खोलीत शेंगदाणे, फुटाणे, गूळ, केळी, खजूर ठेव. रविवारी दुपारी फीस्टच्या वेळी मेसवाल्या काकूंना दोन पोळ्या जादा माग, पैसे देईन म्हण. पोळीला गूळ-तूप लावून गुंडाळलं की रात्रीचं भागतं. बिस्किटावर झोपायचं नाही.

---

शांतीपथ_योगकेंद्र | दुपारी २.३०

(व्यावसायिक जाहिरात असल्याने प्रतिसाद काढून टाकला आहे. – संपादक)

---

पिठलंभाकरी | दुपारी २.५५

वाचला होता मी तो. २१ दिवसांत तणावमुक्ती, फी मात्र तणाव वाढवणारी.

---

स्टेथो | रात्री ९.५०

मी डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण कॉलेजच्या मुलांचा ओघ माझ्याकडे बराच असतो, म्हणून लिहितो.

झोपेचं आधी. लवकर झोपायचा प्रयत्न करू नका, तो फसतो आणि अंथरुणात पडून चिडचिड होते. उठायची वेळ बांधा. पहिले चार दिवस साडेनऊ, मग नऊ, मग साडेआठ, रविवारीसुद्धा. उठल्यावर वीस मिनिटं उन्हात चाला, शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. अंथरूण फक्त झोपायला ठेवा. दुपारी झोपलात तर अर्ध्या तासाच्या वर नको. चहा शेवटचा चार वाजता. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात, म्हणजे रात्री एकच्या टपरीवरचा चहा पहाटे सहालाही तुमच्या अंगात अर्धा शिल्लक असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना हेही सांगतो की वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं.

एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२, डी, थायरॉइड. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलांत बी-१२ कमी निघणं मी नेहमी पाहतो. थकवा आणि लक्ष न लागणं त्यानेही होतं. सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकू नये.

आता एक प्रश्न सरळ विचारतो. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही, उलट बोलणं सोपं जातं. "आपण नसतो तर बरं झालं असतं", किंवा जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का? इथे लिहायचं नसेल तर मला खासगी निरोप पाठवा. आणि 'हो' असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

---

गोदाकाठ | २४ फेब्रुवारी, रात्री १.१०

सगळ्यांचे आभार. काकू, खरंच दरवेळी बटाटाच सांगतो.

डॉक्टर, इथेच लिहितो, नाव तर कुणाला माहीत नाही. निकालाच्या रात्री एकदोनदा आलं मनात. काही करायचं असं नाही. कुठेतरी निघून जावं, कुणाला सापडू नये, असं. आता रोज नाही येत, रविवारी येतं.

एक अडचण. तुम्ही लोक म्हणता अंथरूण फक्त झोपायला ठेवा. माझी कॉट हेच टेबल, हेच कपाट, हेच जेवायचं ताट. दुसरी जागाच नाही.

---

स्टेथो | सकाळी ७.३०

लिहिलंत ते चांगलं केलंत. रविवारी येतं म्हणता, तर येत्या रविवारची वाट बघू नका. आज दिवसाच १४४१६ वर बोला. आणि खोलीतल्या एकाला, जो त्यातल्या त्यात बरा वाटतो त्याला, एवढंच सांगा: "मला सध्या ठीक वाटत नाहीये, रविवारी एकटा ठेवू नकोस." कारण सांगावं लागत नाही. तो विचार पुन्हा जोरात आला तर त्याला उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. पुण्यात ससून आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडीही आहे.

कॉटचं: दिवसा उशी पायाकडे घ्या. गादी गुंडाळून भिंतीला लावा आणि फळीवर सतरंजी टाकून बसा. गादी उलगडली की झोप, गुंडाळली की दिवस. होस्टेलवर मी हेच केलं होतं.

---

ओली_छत्री | सकाळी ११.४५

मी बीएस्सी स्टॅटला तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी मी या अवस्थेत होते, म्हणून कॉलेजच्या काउन्सेलरकडे जाण्याबद्दल लिहिते. सगळे 'जा' म्हणतात, गेल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे ती केबिन परीक्षा विभागाच्या शेजारी आहे. म्हणजे मार्कशीटच्या रांगेतले पन्नास जण बघतात कोण आत गेलं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन नोटीस बोर्ड वाचून परत आले. तिसऱ्यांदा मॅडमच बाहेर आल्या, म्हणाल्या, नोटीस पाठ झाली असेल तर आत ये.

त्यांनी सल्ला दिलाच नाही. पाऊण तास मी रडले आणि त्या पाण्याचा ग्लास पुढे सरकवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, इथलं बोलणं घरी किंवा तुमच्या सरांना जात नाही, जिवाला धोका वाटला तरच मी कुणाला तरी सांगेन आणि ते आधी तुला सांगून. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा एक कागद दिला आणि दिवसभरात काय काय केलं ते तासावारी लिहायला सांगितलं. त्यात कळलं की मी रोज 'अभ्यास करतेय' म्हणून सहा तास बसते आणि त्यातला अभ्यास पन्नास मिनिटं. उरलेले पाच तास मी अभ्यास न केल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होते. ते कमी करून फिरायला गेले तरी अभ्यास तेवढाच राहिला असता, आणि फिरणं फुकटात पदरात पडलं असतं.

एक विचारू का? चादर कधी धुतली होतीस? हसू नकोस. माझी अडीच महिने धुतली नव्हती. केस विंचरणं, नखं कापणं, बादलीत कपडे भिजवणं, हे सगळं बंद पडलेलं असतं आणि आपल्याला दिसत नाही. मॅडमनी मला मेणबत्ती सांगितली नाही, चादर सांगितली. शनिवारी एक चादर. त्या रात्री लगेच झोप लागली असं काही झालं नाही. पण खोलीत येणारा कुबट वास आपल्याच चादरीचा होता हे कळलं.

---

गोदाकाठ | सकाळी ११.५८

दिवाळीनंतर नाही.

---

कट्टेकरी | दुपारी ४.२०

ओली_छत्री, प्रतिसाद फार आवडला.

एक कोरडी भर. काउन्सेलर हे कॉलेजचे उपकार नव्हेत. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. ज्यांच्या कॉलेजात खुर्ची आहे आणि माणूस नाही, त्यांनी दोन ओळींचा अर्ज प्राचार्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. घरची पॉलिसी असेल तर बघून ठेवा.

डिफॉल्टर लिस्टचं वेगळं बघावं लागेल. क्लास टीचरला आत्ता भेट, सेमच्या शेवटी नाही. आत्ता गेलास तर तब्येतीची अडचण ठरते, एप्रिलात गेलास तर बहाणा.

---

जुनाखोड | रात्री १०.३०

माझ्या पहिल्या प्रतिसादावर लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं, घ्या.

१९७१ साली इंटर सायन्सला मी नापास झालो. घरी पोस्टकार्ड पाठवायचो, 'मी खुशाल आहे, अभ्यास उत्तम चालू आहे'. त्या दिवाळीला प्रॅक्टिकल आहेत अशी थाप मारून गावी गेलो नाही. दिवाळीत कसली आली प्रॅक्टिकलं, पण वडिलांना काय माहीत. खानावळ बंद होती. चार दिवस चुरमुरे खाल्ले. शेवटी गावाकडचा एक माणूस कामासाठी पुण्यात आला, त्याने मला रस्त्यात पाहिलं आणि घरी जाऊन सगळं सांगितलं. वडिलांना ते परक्या तोंडून कळलं. नापास झाल्याचं त्यांनी पुढे कधी काढलं नाही. दिवाळीचं मात्र मरेपर्यंत काढत.

तेव्हा गोदाकाठ, दुसऱ्याने सांगायच्या आत सांग. पर्वतीचं मी मागे घेत नाही. पाचला नको, साडेनऊला जा.

---

बॅकबेंचर९८ | रात्री १०.५२

काका __/\__

गोदाकाठ, सांगताना एक लक्षात ठेव: हप्त्याहप्त्याने सांगू नकोस. आज एक विषय, पुढच्या महिन्यात दुसरा, मग अटेंडन्स, असं केलंस की घरच्यांना वाटतं अजून काहीतरी लपवलंय. एकदाच, आकड्यांसकट. किती विषय, पुन्हा परीक्षा कधी, फी किती, वर्ष वाया जाणार आहे की नाही, आणि तू काय वेगळं करतोयस. फी आणि वर्ष, वडील हे दोनच विचारतात. त्याची उत्तरं तयार ठेव. आधी घरातल्या मधल्या माणसाला गाठ. ताई, मामा, मावशी, कोण आहे?

---

गोदाकाठ | रात्री ११.१५

ताई आहे, जालन्याला दिलीय. दुपारी १४४१६ लावला होता. कॉलेजमागच्या पार्किंगमध्ये उभा राहून बोललो. पहिली पाच मिनिटं मी फक्त "हॅलो" आणि "हो" एवढंच म्हणत होतो. त्या बाईंना घाई नव्हती. त्यांनीही हेच विचारलं, घरात सगळ्यात आधी कुणाशी बोलशील. बघतो.

---

लिंबाची_आई | २ मार्च, सकाळी ८.००

काल रविवार होता. गोदाकाठ, कसा आहेस? एक ओळ टाक.

---

गोदाकाठ | २ मार्च, दुपारी १२.४०

आहे काकू. रूममेट गावी गेला नाही. कारण विचारलं नाही, फक्त म्हणाला "चल, मॅच बघू". सविस्तर लिहितो नंतर.

---

गोदाकाठ | १६ मार्च, रात्री १०.२०

उशीर झाला, माफ करा.

ताईला आधी सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, दीड महिना निकाल लागत नाही असं कसं. मग म्हणाली, आईला मी सांगणार नाही, तूच सांग. मागच्या रविवारी आईचा फोन आला, जेवलास का. मी म्हटलं, नाही, रविवारी रात्री मेस बंद असते. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, किती दिवसांपासून? मी म्हटलं, आलो तेव्हापासून. निकालाचं सांगायच्या आधीच ती रडायला लागली, त्यामुळे विषयांचं सांगितलं तेव्हा तिला त्याचं काही वाटलंच नाही. दोन विषयांपेक्षा रविवारच तिला लागला.

वडिलांना फोन दिला. बॅकबेंचरदादा, तू म्हणालास तसंच. "फी किती? वर्ष जातंय का?" मी आकडे सांगितले. "बरं" म्हणून फोन ठेवला. मग तीन दिवस काही नाही. माझी झोप पुन्हा गेली, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी दुपारी लेक्चरमध्ये त्यांचा फोन. मी घाबरून बाहेर येऊन उचलला. म्हणतात, "त्या तपकीर गल्लीत क्लॅम्प मीटर केवढ्याला पडतो ते बघून ये. इथं दुकानदार लुटायलेत." बाकी काही नाही. वडिलांनी मला दुकानातलं काम सांगितलं नव्हतं कधी, तू फक्त शीक म्हणायचे.

शनिवारी जाऊन तीन दुकानांत भाव काढले आणि त्यांना फोटो पाठवले. पाडव्याला घरी जाताना नेणार आहे.

बाकी: उठणं आता नऊपर्यंत आलंय, मधे दोनदा घसरलं. बी-१२ खरंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. कॉलेजच्या काउन्सेलरकडे एकदा गेलो, पुढची वेळ शुक्रवारी. आमच्याकडे ती केबिन जिममागे आहे, कोणी बघत नाही. एम-थ्रीची वही एका सिनिअरने दिली. इंटिग्रेशनवर अजून अडतो. धडधड होते, पण पुस्तक लगेच मिटत नाही, दहा-पंधरा मिनिटं टिकतो. चादर दोनदा धुतली.

जुनाखोड काका, पर्वती एकदाच चढलो, सव्वादहाला. ऊन लै होतं.

---

जुनाखोड | १७ मार्च, सकाळी ६.१०

सव्वादहा ही पर्वतीची वेळ आहे का.

---

लिंबाची_आई | १७ मार्च, सकाळी ९.०५

सगळं लिहिलंस, पण परवा रविवारी रात्री काय जेवलास ते लिहिलं नाहीस.

---

गोदाकाठ | १७ मार्च, दुपारी १.३०

भुर्जी-पाव, काकू. दोन प्लेट. पैसे रूममेटने दिले, पुढच्या रविवारी माझी पाळी.